बंद ठाण्याची कोठडी कोणाची?

१/ पोलीस ठाणे नव्या इमारतीत हलले की जुन्या वास्तूवर दोन दावे लगेच उभे राहतात. एक म्हणतो, पाडा आणि व्यापारी संकुल बांधा. दुसरा म्हणतो, रंगरंगोटी करून ‘हेरिटेज कॅफे’ काढा. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात हे दोन्ही दावे इतिहासाला मारक आहेत. हा थ्रेड त्याविषयी.

२/ वास्तूचा वापर बदलण्यात गैर काही नाही. औरंगजेबकालीन किलेअर्कच्या परिसरात आज शासकीय महाविद्यालय भरते. मुंबईत तर उलट प्रवास घडला : १८७६ साली पूर्ण झालेले खलाशांचे वसतिगृह १९२८ मध्ये विधिमंडळासाठी घेतले गेले आणि पुढे १९८२ पासून तेथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आले.

३/ मग ठाण्याचाच आग्रह का? राजवाड्यात आपल्या बहुतेकांच्या पूर्वजांचा पाय कधी पडला नाही. त्यांना राज्यसत्ता भेटली ती चौकीच्या पायरीवर. कोतवालपुरा हे मोहल्ल्याचे नाव शहरात टिकले आहे. पण नावावरून कोतवालाचा अधिकार कळतो, त्याचा व्यवहार कळत नाही. त्यासाठी कोठडी आणि कागद लागतात.

४/ २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. कोणत्या वस्तीची फिर्याद कोणत्या ठाण्याने घेतली, किती उशिराने घेतली, हे शोधायचे तर स्टेशन डायऱ्यांकडेच वळावे लागते.

५/ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या; त्यांच्यावर पोलीस हजेरी लादली. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय गेला नाही. मराठवाड्याच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचलेल्यांना ते सांगायला नको. हजेरीची रजिस्टरे हा या समाजांच्या इतिहासाचा पुरावा आहे.

६/ १९७२ साली विदर्भातील देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा खटला गाजला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडले. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. एका ठाण्याच्या आवारातून देशाचा कायदा हलला. अशा जागांना इतिहास नाही असे कोण म्हणेल?

७/ अशा कोठडीत गजाआड बसून कॉफी पिण्याची आणि छायाचित्र काढण्याची सोय करणे म्हणजे कोणाच्या तरी अपमानाची करमणूक करणे होय.

८/ ‘मग संग्रहालय करा’ हे उत्तरही पुरेसे नाही. गोव्याचा आग्वाद तुरुंग २०१५ मध्ये बंद झाला आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी संग्रहालय म्हणून खुला झाला. डॉ. राममनोहर लोहिया १९४६ मध्ये तेथे कैदेत होते. त्यांचे स्मरण व्हायलाच हवे. पण १९६१ नंतरही अर्धशतकाहून अधिक काळ तो तुरुंगच होता. परक्या सत्तेची कोठडी दाखवणे सोपे असते. स्वकीय सत्तेची कोठडी दाखवण्यात खरी कसोटी आहे.

९/ खर्चाचा आक्षेप येईल. हाँगकाँगचे मध्यवर्ती पोलीस ठाणे, न्यायालय आणि तुरुंग यांचे संकुल २०१८ मध्ये ‘ताय क्वुन’ या नावाने खुले झाले. तेथे उपाहारगृहे आहेत, कलादालने आहेत, आणि कोठड्याही जपल्या आहेत. लंडनच्या बो स्ट्रीटवरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत हॉटेल आले; त्याच वास्तूतील पोलीस ठाण्याच्या कोठड्यांत संग्रहालय झाले. उत्पन्न आणि स्मृती एकत्र नांदू शकतात. अट एकच : कोठडी भाड्याने द्यायची नाही.

१०/ म्हणून क्रम ठरवावा. आधी कागद : ‘महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५’ अस्तित्वात आहे, त्यानुसार जुन्या दप्तराची छाननी होऊन टिकाऊ अभिलेख पुराभिलेखागारात जावेत. पीडितांची नावे गोपनीय राहावीत. मग कोठडी : आहे तशी, भिंतीवरील ओरखड्यांसह. उरलेल्या खोल्यांत अभ्यासिका, विधी साहाय्य केंद्र किंवा दवाखाना काय यावा, हे त्या मोहल्ल्याला विचारून ठरवावे.

११/ आज मात्र क्रम उलटा असतो. आधी जमिनीची किंमत काढली जाते, मग आराखडा होतो, आणि दप्तर शेवटी रद्दीवाल्याकडे जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शहरातील ठाणे हलणार असे ऐकताच पहिला प्रश्न विचारावा : दप्तर कुठे चालले आहे?

(समाप्त)