एका तारखेचे दोन संत

येत्या २९ जूनला पेत्र आणि पौल यांचा सण. गोव्यात कांदोळी-शिवोलीकडे होड्या एकमेकींना बांधून सांगोड निघेल. आमच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा कोळीवाड्यातल्या माणसाला मिस्सेला जायला सवडही असते. या सणाची एक गंमत मात्र आपल्या ध्यानात येत नाही. चर्चने ज्या दोघांना एकाच तारखेवर बसवले, त्यांच्या भेटीगाठी मोजक्याच. एकदा पौल यरुशलेमेत पंधरा दिवस पेत्राकडे राहिला. पुढे अंत्युखियात त्याने त्याच पेत्राला चारचौघांत तोंडावर सुनावले.

कारण पंक्तीचे होते. (पंक्तिभेद काय असतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.) पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडची माणसे आली आणि हा भिऊन वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी उठले, भला माणूस बर्णबाही उठला. पौलाने हे सारे गलतीकरांच्या पत्रात लिहून ठेवले आहे. पेत्राने काय उत्तर दिले, ते मात्र लिहिले नाही. वादात आपली बाजू तेवढी सांगायची खोड प्रेषितांनाही होती म्हणायची.

दोघांत साम्य शोधू गेले तर फारसे हाती लागत नाही. एक गालीलचा मासेमार, यरुशलेमच्या पुढाऱ्यांच्या लेखी अशिक्षित. दुसरा तार्सचा, जन्माने रोमी नागरिक, गमलियेलाच्या पायाशी बसून नियमशास्त्र शिकलेला. पेत्र आधी बोलायचा आणि मग पस्तावायचा. पौल पस्तावायचाही, पण तेही मुद्देसूद. एकाने अंगणातल्या शेकोटीपाशी आपल्या गुरूला तीनदा नाकारले, तर दुसऱ्याला स्तेफनाचा दगडमार मान्य होता आणि मारेकऱ्यांची वस्त्रे त्याच्या पायाशी ठेवलेली होती. शिवाय पौलाचे प्रवचन लांबे. त्रोवसात तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण ते ऐकता ऐकता पेंगला आणि खाली पडला. पेत्राच्या नावावरच्या दुसऱ्या पत्रात तर पौलाच्या पत्रांतल्या काही गोष्टी समजायला कठीण आहेत, असे सरळ म्हटले आहे. आजवरच्या वाचकांनी त्यावर मनोमन सही केली असेल.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की यातले काहीही कोणी पुसले नाही. परंपरा सांगते, की मार्काने आपले शुभवर्तमान पेत्राच्या तोंडून ऐकून लिहिले. तसे असेल, तर नाकारण्याची ती रात्र खुद्द पेत्रानेच सांगितली असणार. आणि लिहून घेणारा कोण? पंफुल्यात काम अर्धे टाकून घरी परतलेला मार्क, ज्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांची इतकी जुंपली, की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मराठी ख्रिस्ती समाजाकडे अशीच एक जोडी आहे. पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक. दोघांचा देव एक. बाकी बहुतेक बाबतीत दोन टोके. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणले. रमाबाईंनी बायबलचे भाषांतर करताना हिंदू धर्मकल्पनांचा वास येणारे संस्कृत शब्द निश्चयाने टाळले, आणि तेही संस्कृतच्या पंडिता असून. टिळकांची गीते आजही उपासनेत गायली जातात, रमाबाईंचे भाषांतर क्वचितच उघडले जाते. म्हणून त्यांचे काम उणे ठरत नाही. दुष्काळात उपाशी मुली-बायकांना केडगावच्या मुक्तीत आणून जगवणे टिळकांच्या हातून झाले असते का? आम्हाला शंका आहे. त्यांच्या हातात पगार टिकत नसे, आणि लहर लागली की ते घरही सोडत.

हे आपल्याला कसे ठाऊक? टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले म्हणून. ‘स्मृतिचित्रे’मध्ये टिळकांचा संताप आहे, न सांगता निघून जाणे आहे, बाप्तिस्म्यानंतर बायकोच्या वाट्याला आलेली वर्षानुवर्षांची ताटातूट आहे आणि हे सारे सांगणाऱ्या बाईचे हसूही आहे. नवऱ्याचे चरित्र धुऊन-पुसून लिहिले असते, तर पुढच्या चार पिढ्यांनी ते वाचले नसते. रमाबाईंचेही तसेच. इंग्लंडातल्या वाँटेज मठाच्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. मठाचा अधिकार मुकाट मानायला रमाबाई तयार नव्हत्या. पत्रांतून दोघींचे खटके उडत राहिले. सिस्टरना त्यांच्यात अहंकार दिसला, रमाबाईंना आपला विवेक गहाण टाकायचा नव्हता. ही पत्रे जपून ठेवली, संकलित केली ती सिस्टर जेराल्डीन यांनीच. ती १९७७ साली महाराष्ट्रात पुस्तकरूपाने आली आणि आज वाचणाऱ्यांपैकी अनेकांना रमाबाईंचेच म्हणणे पटते.

आमच्या चर्चच्या स्मरणिका चाळून पाहाव्यात. सुवर्णमहोत्सव असो की हीरकमहोत्सव, प्रत्येक माजी धर्मगुरू वा पाळक मनमिळाऊ, प्रत्येक विश्वस्त निःस्वार्थी, आणि सगळ्यांचे एकमत. झाकली मूठ सव्वा लाखाची! अशा मंडळीत मग आपल्यासारख्या तापट, विसराळू, वादखोर माणसाला काही जागा नाही, असे तरुणाला वाटले तर नवल काय? आणि ज्याचे कीर्तन रंगते, त्याला हिशेबही जमलाच पाहिजे, अशा अपेक्षेने आपण कितीजण घालवले असतील?

याची दुसरी बाजूही स्पष्ट बोलली पाहिजे. देव अपूर्ण माणसांकडून काम घेतो, हे वाक्य अलीकडे पांघरुणासारखे वापरले जाते. पैशाचा अपहार, दुबळ्यांवरचा अत्याचार उघडकीस आला, की कोणीतरी पेत्राचे नाव घेतोच. त्यांनी अंत्युखियाचा प्रसंग पुन्हा वाचावा. तिथे पेत्राचे वागणे इतरांना पंक्तीतून उठवत होते, म्हणून पौल गप्प बसला नाही. त्याने खाजगीत निरोप धाडला नाही, प्रकरण थंड व्हायची वाटही पाहिली नाही. अंगणातल्या पेत्राच्या नकाराने मात्र कोणाचे तोंड दाबले नव्हते. रडला तो स्वतः. स्वभावातले वाकडेपण एक, दुसऱ्याला चिरडणारा अपराध वेगळा. त्या अपराधाला क्षमा मिळेलही, पण अपराध्याची खुर्ची राखून ठेवण्याची जबाबदारी देवावर ढकलू नये.

एक छोटी सूचना करून थांबतो. सणाच्या दिवशीच्या मिस्सेत मत्तयाच्या सोळाव्या अध्यायातले वाचन एकोणिसाव्या वचनावर संपते: पेत्राच्या हाती किल्ल्या येतात आणि पुस्तक मिटते. चारच वचनांनंतर येशू त्यालाच सैतान म्हणून मागे सारतो, ते त्या दिवशी कानी पडत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे वाचनही मधली काही वचने गाळून पुढे जाते. त्या गाळलेल्या ओळींत एकाकी पौल आपला झगा आणि पुस्तके मागवतो, एका तांबटाने दिलेला त्रास अजून विसरलेला नसतो, आणि मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी माझ्या उपयोगाचा आहे, असे कळवतो. तोच मार्क. धर्मगुरूंनी त्या दिवशीच्या सूचना आटोपत्या घेऊन प्रवचनात ही वचने वाचून दाखवावीत.