बैलाला खरारा, धन्याला काय?



पोळा असो की बेंदूर, सणाला आपण बैलाचे खांदे मळतो, ओढ्यावर नेऊन त्याला घासूनपुसून धुतो. जातिवंत शेतकरी तर सणाची वाट पाहत नाही. सकाळी गोठ्यात शिरला की तो खरारा हाती घेतो आणि जनावराच्या अंगावरून फिरवतो. आम्ही शेतीखात्याची माणसेही तुम्हाला हेच सांगत आलो. खरारा केला की अंगावरची धूळ आणि मेलेले केस निघतात, कातडी मोकळी होते. मुख्य म्हणजे गोचीड दिसते, जखम दिसते, जू लागून खांदा सुजला असेल तर तो हाताला लागतो.

पण त्याच धन्याला विचारा, "दादा, तुमच्या पाठीवर काय आहे?" त्याला सांगता येत नाही. चार तांबे अंगावर ओतले की त्याची आंघोळ झाली. घरच्या लक्ष्मीची तर आणखी तऱ्हा. सगळ्यांचे पाणी तापवायचे आणि आपण शेवटी, उरलेल्या पाण्यात, न्हाणीच्या अंधारात आटपून घ्यायचे. बैलाच्या अंगावरची गोचीड आपल्याला दिसते, आपल्या अंगावरचा चट्टा दिसत नाही. म्हणून आज स्वतःला खरारा कसा करावा, हे सांगतो.

ही गोष्ट नवी नाही. अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात तेल लावणे, व्यायाम, मग चूर्णाने अंग चोळणे आणि त्यानंतर स्नान असा क्रमच दिला आहे. दिवाळीतले उटणे आपण त्यातूनच जपले. बाळंतीण आणि बाळ यांना तेल लावून डाळीच्या पिठाने चोळतात तेही हेच. हल्ली शहरात लांब दांड्याचे ब्रश मिळतात आणि त्याने कोरडे अंग घासायची रीत निघाली आहे. आपल्याला ब्रश विकत घ्यायची गरज नाही. तो आपल्या कुंपणावर पिकतो.

घोसाळे म्हणतो मी, खानदेशात ज्याला गिलके म्हणतात ते. भाजीसाठी कोवळी तोडताना दोन-चार चांगली फळे वेलावरच निबर होऊ द्या. फळ तपकिरी, वजनाला हलके झाले आणि हलवल्यावर आत बी वाजू लागले, म्हणजे तोडा. साल सोला, बी झटकून पुढच्या हंगामाला ठेवा, जाळी पाण्यात भिजवून धुवा आणि उन्हात वाळवा. एका फळाचे दोन-तीन तुकडे होतात. घरात प्रत्येकाचा तुकडा वेगळा असावा. वापरून झाला की ओला कोंदट जागी टाकू नका, उन्हात टांगा. दोन-तीन आठवड्यांनी जुना फेकून नवा घ्या, कारण ओल्या जाळीत जंतू वाढतात. नायलॉनच्या पोत्याचा तुकडा, काथ्या किंवा खरबरीत दगड अंगाला लावू नका. नायलॉनच्या जाळीने वर्षानुवर्षे जोराने घासल्यास खांद्याच्या आणि पाठीच्या हाडांवर काळे डाग पडतात.

आता रीत. आंघोळीच्या आधी, अंग कोरडे असताना, उजेडात बसा. पावलापासून वर, हातांच्या बोटांपासून खांद्याकडे, हलक्या हाताने जाळी फिरवा. तीन-चार मिनिटे पुरे. आग झाली तर जोर जास्त झाला असे समजा. तोंड, छाती, काखा आणि जांघा यांवर जाळी नको, तिथे ओला तळहात पुरतो. आठवड्यातून दोन वेळा करावे, रोज नको. नंतर आंघोळ करून अंग किंचित ओले असतानाच खोबरेल किंवा करडईचे तेल पुसटसे लावा. टाचांना मात्र आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून मग वजरी लावा. जिथे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, तिथेही ही कोरडी सफाई जमते, तिला पाणी लागत नाही.

याने काय होते? आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो सुमारे चार आठवड्यांत झडून नवा येत असतो. घासल्याने ही मेलेली पापुद्री, घाम आणि धूळ निघते. थोडा वेळ रक्त कातडीकडे धावते, तरतरी वाटते. एवढेच. अंगातले विष निघते, चरबी झडते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. विष बाहेर टाकायचे काम यकृत आणि मूत्रपिंडाचे. ते जाळीने होत नाही.

मग इतका आग्रह का? कारण खरारा म्हणजे नुसती सफाई नव्हे, ती पाहणी आहे. आपल्या शेतात आठवड्यातून एकदा बांधावरून फेरी मारली की कीड वेळेवर कळते, तसे हे आहे. जाळी फिरवताना चार गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, बधिर चट्टा. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका किंवा तांबूस डाग, जो खाजत नाही, दुखत नाही आणि जिथे जाळी फिरल्याचे कळतच नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. दुखत नाही म्हणूनच माणूस वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि मग बोटे वाकडी होतात. आज याला घाबरायचे कारण नाही. सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि औषध सुरू झाले की त्याची लागण दुसऱ्याला होणे लवकरच थांबते. आशाताईंना दाखवा. लपवू नका.

दुसरी, काळी खपली. पावसाळ्यात गवतात, झुडपात काम करताना अगदी बारीक किडे अंगाला चिकटतात. त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात याचे बरेच रुग्ण सापडले, काही दगावले. काखेत, कमरेला, जांघेत किंवा गुडघ्यामागे विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसली आणि सोबत ताप असला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना खपली दाखवा. वेळेत ओळखला तर साध्या औषधाने हा ताप उतरतो. गवतातून आल्यावर साबणाने अंग चोळून आंघोळ करणे हाही याला चांगला अटकाव आहे.

तिसरी, न भरणारी जखम. टाचेची भेग किंवा बोटांमधली चीर दोन आठवड्यांत भरत नसेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पायाला वजरी लावूच नये, रोज नुसते डोळ्यांनी पाहावे.

चौथी भगिनींसाठी. छातीवरून साबणाचा हात फिरवताना गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली किंवा बोंडातून रक्त आले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. प्रत्येक गाठ वाईट नसते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. लाजेपायी सहा महिने घालवू नका.

आता एक इशारा, आणि तो काळजावर कोरून ठेवा. फवारणी केली त्या दिवशी जाळी हातात घ्यायची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि मजूर दगावले, आजारी पडले ते शेकड्यांनी. विष फक्त नाकातोंडातून जाते असे नाही, ते कातडीतूनही शिरते. घासून कातडी सोलवटली की त्याला दारच उघडते. म्हणून फवारणीच्या दिवशी, आणि त्याच्या आदल्या दिवशीही, अंग घासू नका. फवारणी संपली की कपडे तिथेच बदला आणि घरी येताच साबण आणि भरपूर साध्या पाण्याने मऊ हाताने आंघोळ करा. कढत पाणी नको, आंघोळीआधी तेल नको. डोके, मान, काखा आणि जांघा विसरू नका. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. मळमळ, घाम, अंधारी किंवा लाळ सुटली तर औषधाची बाटली घेऊन दवाखाना गाठा.

ज्यांना नायटा, खरूज, इसब किंवा उघडी जखम आहे त्यांनी घासू नये, नायटा तर घासल्याने पसरतो. खाज सुटली की दुकानातून विचारून आणलेले मलमही लावू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असते. नायटा चार दिवस दबतो आणि मग चौपट उसळतो.

शेवटी एक अडचण राहते. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. तिथे घरच्यांचेच डोळे लागतात. म्हणून येत्या बाजाराच्या सुटीला दुपारी पडवीत उजेडाला बसा. नवराबायकोने एकमेकांची पाठ पाहावी, सुनेने सासूची, लेकाने बापाची. म्हाताऱ्या माणसांची टाच आणि पाठ तर हमखास पाहा, ती स्वतःहून काही सांगत नाहीत. जनावर मुके असते म्हणून आपण त्याच्या अंगावर हात फिरवून त्याचे दुखणे ओळखतो. घरातली माणसेही पुष्कळदा मुकीच असतात.