रूळ अडले की बाजार अडतो

१५ डिसेंबर १८५८ रोजी जी. आय. पी. रेल्वेचा पुण्याहून निघालेला लोहमार्ग इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत खुला झाला. पुढील ऑक्टोबरात तो भीमा ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, भिडला. ज्या तालुक्यात आगगाडी इतक्या लवकर आली, त्या तालुक्याचे मुख्य गाव मात्र अद्याप रुळांपासून दूरच आहे. लोहमार्ग कोणाच्या दारावरून जातो, यापेक्षा तो कोणासाठी थांबतो हे महत्त्वाचे, असेच यावरून म्हणावयास हवे.

बारामतीची कथा निराळी, परंतु बोध तोच. १९१४ साली दौंडहून बारामतीस रूळ आले, ते अडीच फुटी. मुख्य मार्ग साडेपाच फुटी. रुळांमधील हे तीन फुटांचे अंतर कागदावर क्षुल्लक दिसते. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, नीरेच्या कालव्यावर पिकलेल्या उसाचा गूळ दौंडला उतरवावयाचा आणि दुसऱ्या डब्यात पुन्हा चढवावयाचा. त्या हमालीचा भार अखेर शेतकऱ्याच्याच भावातून वजा होणार, हे उघड आहे. पुढे हा मार्ग रुंद झाला, पण बारामतीस येऊन संपण्याची त्याची खोड गेली नाही.

ती जावी म्हणूनच बारामती–फलटण–लोणंद मार्गाची योजना झाली. तो पुरा झाल्यास दौंडकडील गाडीस पुण्यास वळसा न घालता मिरजेकडे जाता येईल. लोणंदहून फलटणपर्यंत रूळ पोचले आणि २०२१ साली फलटणहून पुण्याकडे गाडीही सुरू झाली. पुढचा दुवा मात्र भूसंपादनाच्या प्रश्नात वर्षानुवर्षे गुंतला.

या विलंबाचा दोष केवळ शेतकऱ्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. बागायती जमीन एकदा गेली की परत येत नाही. उजनीच्या पाण्याखाली शेते, गावे गेली, जुना लोहमार्गही हलवावा लागला, हे इंदापूरकर विसरलेले नाहीत. मार्ग हवाच, परंतु त्याचे मोल रुळांखाली जमीन देणाऱ्याने एकट्याने का भरावे? योग्य मोबदला वेळेवर हाती पडावा, आणि नव्या स्थानकांवर त्याच्या मालाला चढण्यास जागा असावी. एवढे झाले तर हा मार्ग त्याचा होईल. नाहीतर तो त्याच्या शेतातून जाणारा परक्याचा रस्ताच राहील.