धनी आपणच, गडीही आपणच

गेल्या पंधरवड्यात निफाडकडच्या एका शेतकरी बंधूंचं पत्र आलं. मुलगा शिवणकामात हुशार आहे. ते लिहितात, ‘एक एकर विकून त्याला फ्रान्सला पाठवावं म्हणतो. एजंट सांगतो, विद्यार्थी म्हणून जा आणि तिथं स्वतःचं दुकान टाक. ताई, तुम्हीही तिथं शिवणकामच करता. खरं काय ते सांगा.’ प्रश्न जमिनीचा आहे, म्हणून आज सगळा हिशेबच मांडते.

मी राहते ते ल्यों शहर रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर आहे. यजमानांच्या नोकरीमुळं मी इथं आले. माझ्या परवान्यावर काम करायची मुभा होती, म्हणून कपडे दुरुस्तीचं काम सुरू केलं. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कोटाला अस्तर लावायचं.

पहिली गोष्ट एजंटाची. विद्यार्थी म्हणून आलेल्याला इथं वर्षाला ९६४ तासांपर्यंत नोकरी करता येते, स्वतःचा धंदा करता येत नाही. धंद्याचा परवाना वेगळा. त्यासाठी धंदा चालेल आणि त्यातून निदान सरकारी किमान वेतनाइतकी मिळकत होईल, हे कागदावर दाखवावं लागतं. एजंट हे सांगत नसेल, तर त्याचं बाकीचं बोलणंही तपासून घ्या.

आता मिळकतीचं. २००९ सालापासून इथं लहान धंदेवाल्यांसाठी सोपी पद्धत आहे. नोंदणी फुकट होते आणि चौदा आकडी नंबर मिळतो. त्यानंतर मात्र सरकारी वाटावीत अशी पैसे मागणारी खोटी पत्रं घरी येतात. मी अशाच एका पत्राला भुलून १९० युरो भरले होते.

माझ्यासारख्या कारागिराला शंभर युरो मिळाले, की त्यातले एकवीसवर विमा-पेन्शनपोटी जातात. तेही नफ्यावर नाही, आलेल्या सगळ्या रकमेवर. दोरा, सुया, भाडं हा खर्च कोणी विचारत नाही. कांद्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई कापताना तुमचा खतांचा खर्च कोणी विचारतो का? तसंच हे. मात्र या पैशांतूनच दवाखान्याची सोय होते, म्हणून मी कुरकुरत नाही.

ऑगस्टात निम्मं शहर सुट्टीवर जातं आणि मशीन गप्प बसतं. एक पैसा आला नाही, तरी मुदतीत ‘शून्य’ असं कळवावंच लागतं. आजारी पडलं तर पहिल्या तीन दिवसांचं काही मिळत नाही, आणि मिळकत थोडी असली तर पुढंही हाती फारसं येत नाही. भाड्याचं घर शोधताना घरमालक तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागतात. माझ्याकडं कुठल्या? यजमानांच्या चिठ्ठ्यांवर घर मिळालं. एकट्या मुलाला कोण देणार?

आणि भाषा. इथं ‘सिस’ म्हणजे सहा आणि ‘दिस’ म्हणजे दहा. एका बाईंनी पडदे सहा सेंटिमीटर कापायला सांगितले, मी ऐकले दहा. कात्री चालली ती चालली. पडदे भरून दिले आणि महिन्याची कमाई गेली. त्याच बाई पुढं दिवंगत नवऱ्याचा कोट घेऊन आल्या, नातवाच्या मापाचा करून द्या म्हणून. त्या दिवशी मात्र मी माप तीनदा लिहून दाखवलं.

या शहरात क्र्वा-रूस नावाची टेकडी आहे. तिथं पूर्वी रेशीम विणकर राहत. उंच मागांसाठी त्यांच्या घरांची छतंही चार मीटर उंच. जॅकार्ड यंत्र याच शहरातलं. आपल्या येवल्याच्या काही मागांवरही ते दिसतं. माग विणकराचा, पण रेशीम व्यापाऱ्याचं आणि दरही व्यापारी ठरवणार. १८३१ साली ठरलेला दर द्यायला व्यापाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा विणकर रस्त्यावर उतरले. त्या चढावरून जाताना मला नेहमी वाटतं, स्वतःचा धंदा म्हणजे धनी आपणच आणि गडीही आपणच, पण भाव दुसऱ्याच्या हातात. शेतकऱ्याला हे मी काय सांगावं!

मग मी सुखी नाही का? आहे. सकाळी बाजारातून भाजी आणून माझ्याच वेळेला मशीनवर बसते, कोणाची बोलणी खात नाही. पण माझ्या पाठीशी घरात एक पगार आहे, हे मी विसरत नाही.

तेव्हा दादा, एकर विकू नका. मुलाला आधी वर्ष-दोन वर्षं एखाद्या चांगल्या टेलरकडं काम करू द्या. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्रान्सेझमध्ये फ्रेंच शिकवतात, तिथं घाला. एवढ्यानंही त्याची ओढ टिकली आणि योग्य परवाना मिळाला, तर अवश्य पाठवा. तो इथं आला, तर पहिलं जेवण माझ्या घरी. आणि परत यावंसं वाटलं, तर त्याचं रान तिथंच असू द्या.