कामाचा महिना

दिंद्रुड हे माजलगाव तालुक्यातलं, बीड-परळी रस्त्यावरचं गाव. काळी जमीन, कापूस-सोयाबीन, आणि आसपासच्या वस्त्या-तांड्यांवरून दरसाल ऊसतोडीला बाहेर पडणारे कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी. या टापूचं वर्ष मृगापासून मोजलं जातं. जूनमध्ये पेरणी, श्रावणात खुरपणी, दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची मळणी आणि कापसाची पहिली वेचणी. मग मुकादमाचे ट्रॅक्टर येऊन उभे राहतात, उचल घेतलेली जोडपी मुलंबाळं आणि भांडीकुंडी घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ती परततात पाडव्याच्या मागेपुढे. सगळीच घरं ऊसतोडीला जात नाहीत हे खरं, पण कामाचे बहुतेक हात जी जातात त्यांतच असतात. म्हणजे माणसांनी भरलेलं गाव पाहायचं तर एप्रिल ते ऑक्टोबर.

आता आपलं, म्हणजे सरकारी कामांचं, वर्ष पाहा. एप्रिलमध्ये आराखडा, पावसाळ्यात प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, मध्येच एखादी आचारसंहिता, आणि कार्यारंभ आदेश हातात पडतो तो डिसेंबर-जानेवारीत. मार्चअखेर देयक. गाव भरलेलं असतं तेव्हा आपली फाइल फिरत असते आणि काम जमिनीवर येतं तेव्हा गाव रिकामं असतं. छोटी कामं का टिकत नाहीत यावर आपल्या क्षेत्रात पुष्कळ बोललं जातं: निकृष्ट काम, टक्केवारी, राजकारण. ते सगळं आहेच. पण चोख केलेलं कामसुद्धा तीन वर्षांत निकामी होतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा महिना चुकलेला असतो. कनिष्ठ अभियंता, ग्रामपंचायत अधिकारी, रोजगार सेवक या आपल्या वाचकांच्या हातात निधीचा आकडा नसतो. महिना मात्र थोडाफार असतो.

कोल्हापुरी बंधारा घ्या. नाव कोल्हापूरचं, पण मराठवाड्यातल्या ओढ्या-नद्यांनाही तो चांगला मानवला. कारण सरळ आहे: दगडी किंवा काँक्रीटचे खांब, त्यांना उभ्या खाचा, खाचांत बसणारी दारं. पावसाळ्यात दारं काढून ठेवायची, पूर निघून जाऊ द्यायचा, गाळही त्याच्याबरोबर जातो. पावसाळा सरला की दारं बसवायची आणि शेवटचा वाहता प्रवाह अडवायचा. जुन्या पद्धतीत लाकडी फळ्यांच्या दोन रांगा आणि मधे मातीचा भराव असे. आता पोलादी दारं आणि कडेला रबरी सील. ना वीज, ना इंजिन. एवढ्या स्वस्तात रब्बीला दोन पाणी आणि आसपासच्या विहिरींना पाझर देणारं दुसरं काम सापडणार नाही.

पण त्याचं सगळं यश दोन तारखांवर उभं आहे. साधारण १५ ऑक्टोबरला दारं बसली पाहिजेत आणि पाऊस सुरू व्हायच्या आत निघाली पाहिजेत. ऑक्टोबरच्या मध्यावर या टापूत काय चालू असतं? सोयाबीन खळ्यावर, कापूस फुटलेला, मुकादम दारात. कुणाकडे वेळ आहे? त्यातच परतीचा पाऊस. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा नदीला आलेला पूर बीड जिल्हा अजून विसरलेला नाही. असा पाऊस पाहिला की अभियंता म्हणतो, आठवडाभर थांबू; दारं लावली आणि पूर आला तर बाजूचा भराव कापून नदी बंधाऱ्याला वळसा घालून जाईल. त्याचंही चूक नाही. पण त्या एका आठवड्याचे तीन आठवडे होतात, तोवर प्रवाह आटतो आणि दारं बसवायला माणसं उरत नाहीत. नोव्हेंबरात बंधारा पाहायला जावं तर खांब उभे, खाली खडक कोरडा, आणि काठावर बाभळीखाली दारांची चळत. ऑइलपेंटने घातलेले अनुक्रमांक अर्धे पुसलेले. चळतीतली चार-दोन दारं भंगारात गेलेली, उरलेल्यांची सील उंदरांनी कुरतडलेली किंवा उन्हाने तडकलेली. कुणी हौशी शेतकरी असतीलच, तर ती दारं कशीबशी खाचांत उतरवतात आणि फटीत खताची रिकामी पोती, प्लास्टिकचा कागद, चिखल कोंबतात. पाणी तरी गळतंच.

इथे बांधकामाचा दोष किती? फारच थोडा. शंभर हेक्टरपर्यंतचे बंधारे जिल्हा परिषदेचे, पुढचे जलसंधारण विभागाचे. बांधणारा ठरलेला आहे, ऑक्टोबरात दारं बसवणारा ठरलेला नाही. पाणी वापर संस्था कागदावर असते, तिचा अध्यक्षही अनेकदा फडावर असतो. उपाय महागडा नाही. बंधाऱ्यामागे दोन माणसं नावानिशी ठरवावीत, आणि ती ऊसतोडीला न जाणाऱ्या घरांतली असावीत. त्यांची मजुरी सप्टेंबरच्या मासिक सभेतच मंजूर असावी. दारं बंधाऱ्यावर न ठेवता ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कुलूपबंद खोलीत ठेवावीत, आणि सीलची खरेदी मार्चमध्ये न करता ऑगस्टमध्ये करावी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता; त्यातून नव्या कामांचे फलक पुष्कळ उभे राहिले. सीलसाठी त्यातून किती पैसे निघाले, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्याच्या नोंदवहीत पाहावं.

काँक्रीटबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच पाळत नाही. मार्चअखेरच्या घाईत गावातला सिमेंट रस्ता, गटार, सभामंडपाचा स्लॅब मार्चच्या उन्हात ओतला जातो. आपल्याच मानकांप्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस, काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. जिथे प्यायला टँकर येतो तिथे क्युरिंगला पाणी कोण देणार? गोणपाट सकाळी भिजवलं तर अकराला वाळलेलं. तेच काम नोव्हेंबरात झालं तर विहिरीला पाणी आहे आणि ऊनही सोसवणारं. काम तेच, सिमेंटचा भाव तोच, आयुष्य मात्र बरंच वेगळं. पण नोव्हेंबरात काम हवं तर निविदा पावसाळ्यात उरकावी लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे बदल्या होतात!

पाणंद रस्त्यांचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. त्यांचा महिना मे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हाताएवढ्या भेगा देते. तिच्यावर नुसता मुरूम लोटला तर पहिल्या पावसात तो खाली जातो आणि चिखल वर येतो. वरचा काळा थर काढायचा, कठीण मुरूम थराथराने दाबायचा, दोन्ही बाजूंना चर काढायचे आणि ओहोळ जिथे रस्ता ओलांडतो तिथे नळ्या टाकायच्या, इतकं केलं तरी शेतरस्ता बऱ्यापैकी तगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, रोजगार हमी आणि राज्याचा निधी यांची सांगड घातली गेली आणि गावोगाव पाणंदी मोकळ्या झाल्या. त्याचा फायदा काय हे शेतकऱ्याला विचारायची गरज नाही. सप्टेंबरात शेतात मळणीयंत्र जातं की डोक्यावरून बोजे आणावे लागतात, एवढाच तो प्रश्न आहे. अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदारापुढे जायला १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम अजून आहे, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेतलं कलम १४३ सुद्धा.

मात्र अंदाजपत्रकात काटछाट करायची वेळ आली की पहिल्यांदा नळ्या जातात, मग चर. जे चर निघतात ते पुढच्या जूनमध्ये शेजारचा नांगर बुजवतो. मे महिन्यात माणसं गावात असतात, हाताला काम हवं असतं, चर साफ करणं हे मजुरीचंच काम आहे. मजुरी ६० आणि साहित्य ४० हे प्रमाण पाळता पाळता दमलेल्या रोजगार सेवकाला तर असं मजुरीचं काम हवंच असतं. पण नवीन रस्त्याचा प्रस्ताव जितक्या चटकन वर सरकतो तितक्या चटकन चर साफ करण्याचा सरकत नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने खडी फोडून रस्ते केले, आणि ज्या राज्याने त्यातून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तिथे हे कोडंच म्हणायचं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की देखभाल गावाच्या अंगवळणी पडणारच नाही, हा स्वभावाचा प्रश्न आहे. त्याला हापशाचा इतिहास सांगावा. दुष्काळांच्या त्या काळात खडकात झपाट्याने बोअर घेतल्या गेल्या आणि त्यांवर बिडाचे पंप बसले, मुळात एका कुटुंबाने दिवसातून मोजक्या वेळा वापरायचे. ते दिवसभर अख्खा गाव हापसू लागला. सत्तरीच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा देशातले सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. गाव आळशी म्हणून नव्हे. यंत्रच त्या वापराचं नव्हतं. तोडगा निघाला तो आपल्याच शेजारी. जालन्यात मिशनऱ्यांच्या पाणी प्रकल्पात पोलादी पंप घडवला गेला, सोलापूरला तो आणखी सुधारला, आणि युनिसेफच्या पुढाकाराने त्याच्यावरून इंडिया मार्क दोन तयार झाला. दांड्याला साखळी, बंद डोकं, जोडकामाचं पोलाद, तालुक्याच्या वर्कशॉपात जोडता येईल असं. पुढे तो आफ्रिकेतल्या देशांपर्यंत गेला.

तरीही एक अडचण उरली. खालचा वायसर बदलायचा तर सगळे पाइप उपसावे लागत, म्हणजे पंचायत समितीचं दुरुस्ती पथक आणि त्याची गाडी. मग मार्क तीन आला: ६५ मिलिमीटरचा पाइप, त्यातून दट्ट्या वर ओढून घ्यायचा, पाइप जागचे हलवायचे नाहीत. गावातल्या दोघा-तिघांना, बायकांनाही, जमण्यासारखं काम. स्वभाव बदलायची वाट न पाहता ज्यांनी पाना बदलला, त्यांच्याकडून आपल्याला घेण्यासारखं आहे. भूजल यंत्रणेची सौर दुहेरी पंपाची योजना याच वळणाची. एकाच बोअरमध्ये सौर पंप आणि हापसा दोन्ही. वर टाकीत पाणी, आणि पंप बंद पडला तर हापसा आहेच. माणशी रोज पंचावन्न लिटर देणाऱ्या नळाच्या स्वप्नात वाडी-वस्तीवरचे जुने हापसे उखडून टाकणाऱ्यांनी ही जोडी एकदा पाहून यावी.

आता शेवटचा, आणि आमच्या मते सगळ्यात अवघड महिना: ग्रामसभेचा. गावाचा वार्षिक आराखडा २ ऑक्टोबरपासून पुढच्या महिन्यांत घडतो. प्रजासत्ताकदिनाची सभा भरते तेव्हा ऊसतोडीला गेलेली घरं फडावर, पाचटाच्या कोपीत असतात. त्या घरातल्या बाईला नळ वस्तीच्या कोणत्या टोकाला हवा, दिवा कुठे हवा, स्मशानभूमीच्या वाटेवर फरशीपूल हवा की नको, हे विचारायला त्या दिवशी गावात कुणी नसतं. म्हणून गावठाणातल्या चौकाला पेव्हर ब्लॉक दुसऱ्यांदा बसतात आणि तांड्याच्या ओढ्यावर नळी पडत नाही. १ मेच्या ग्रामसभेला ही माणसं असतात. कायद्याने कुणी अडवलेलं नाही; कामांची प्राथमिक यादी १ मे रोजी करावी आणि ऑक्टोबरात तिच्यावर नुसतं शिक्कामोर्तब व्हावं, एवढं ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ठरवलं तरी पुरे.

सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं. त्याला दरवाजे आहेत, आणि ते कधी उघडायचे याचं वेळापत्रक, त्यासाठी शाखा अभियंता, चौकीदार, दूरध्वनी, सगळं आहे. त्याच खोऱ्यातल्या ओढ्यावरच्या बारा दारांच्या बंधाऱ्याला यातलं काही नाही. मोठ्या कामाला आस्थापना मिळते, छोट्याला उद्‌घाटन. ही तफावत शासन निर्णयाने मिटेल तेव्हा मिटेल. तोवर अंदाजपत्रकाच्या मुखपृष्ठावर रकमेशेजारी आणखी दोन रकाने आखायला कुणाची परवानगी लागत नाही: काम कोणत्या महिन्यात करायचं, आणि ते चालवणारी दोन माणसं कोण.

पुढच्या अंकासाठी वाचकांकडून आम्हाला एवढंच हवं आहे. आपल्या हद्दीतल्या एका कोल्हापुरी बंधाऱ्याची नोंद पाठवा: मूळ दारं किती, आज किती, ती ठेवली कुठे आहेत, सील शेवटी कधी बदलली, गेल्या वर्षी दारं कोणत्या तारखेला बसली, यंदा कोण बसवणार आणि मजुरी कोणत्या शीर्षाखाली पडणार. एक पानही पुष्कळ झालं, हाताने लिहिलेलं चालेल. आलेल्या नोंदी तालुकावार छापू. गावाचं नाव नको असेल तर तसं कळवा, पण तारखा खऱ्या लिहा.