नाव सांगताना दुसरे पानही दाखवा

आपल्यासारख्या छोट्या गावात घर घ्यायचे ठरले की पहिली विचारणा होते ती, 'मॉर्गेजसाठी कुणी ओळखीचा आहे का?' चार घरांतून एकच नाव येते आणि शोध तिथेच थांबतो. गावातल्या ब्रोकरचा उपयोग खरा आहे, हे आधी मान्य करू. घराला विहीर आणि सेप्टिक टँक असेल, आसपास वर्षभरात मोजकीच घरे विकली गेली असतील, तर अप्रेझल कुठे अडेल हे त्याला लवकर कळते. मे 2025 पासून ग्रीन कार्ड नसलेल्या एच-1बीधारकांना एफएचए कर्ज मिळत नाही. त्यांच्यासाठी कोणता लेंडर व्हिसाच्या उरलेल्या मुदतीवरून खळखळ करतो, हे अशी कर्जे करून दिलेल्यालाच ठाऊक असते. भारतातून आईवडिलांनी पाठवलेल्या पैशांचे गिफ्ट लेटर आणि बँकेची कागदपत्रेही तो वेळेवर मागून घेतो. पण यावरून तो जाणकार ठरतो. त्याने आणलेले कर्ज रास्त दरातले आहे, हे यावरून ठरत नाही.

ते ठरते लोन एस्टिमेटवरून. नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी नंबर, घराचा पत्ता, त्याची अंदाजे किंमत आणि कर्जाची रक्कम एवढे दिले की कामकाजाच्या तीन दिवसांत हा कागद पाठवावाच लागतो. 2015 पासून सगळ्यांचा नमुना एकच असल्यामुळे दोन कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडता येते. दुसऱ्या पानावरच्या सेक्शन ए मध्ये पॉइंट्स आणि कर्ज देणाऱ्याची स्वतःची फी असते. ब्रोकरचे कमिशन लेंडर देणार असेल तर मात्र ते इथे दिसत नाही, व्याजदरात मुरलेले असते; म्हणून दर आणि सेक्शन ए एकत्रच वाचावेत. 4,00,000 डॉलरच्या 30 वर्षांच्या कर्जावर साडेसहा आणि पावणेसात टक्क्यांत महिन्याला सुमारे 66 डॉलरचा फरक पडतो. पूर्ण मुदतीत तो 23,000 च्या वर जातो.

यावर कुणी म्हणेल, ज्याला रोज गावातच तोंड दाखवायचे आहे तो फसवणार कशाला? फसवण्याचा प्रश्नच नाही. प्रामाणिक ब्रोकरही त्याच्याशी जोडलेल्या लेंडरांपैकीच एक निवडतो. त्या यादीबाहेरचा दर त्याच्याकडून कसा कळणार? चार ठिकाणी अर्ज केल्याने क्रेडिट स्कोअर घसरतो, ही भीतीही अवाजवी आहे: 45 दिवसांतल्या मॉर्गेजच्या चौकशा एकच धरल्या जातात. उरतो संकोच. ओळखीच्या माणसापुढे दुसऱ्याचा कागद ठेवणे आपल्याला जड जाते, आणि हा संकोच एकेकट्या कुटुंबाने मोडावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ते मंडळाने करायला हवे.

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे. नव्याने घर घेणाऱ्याला ब्रोकरचे नाव जरूर सांगा, पण आपल्या लोन एस्टिमेटचे दुसरे पानही दाखवा. वैयक्तिक तपशील खुशाल झाका. गेल्या वर्षीचा दर आज कामाचा नाही. पण फी किती लागली, पॉइंट्स किती भरले, क्लोजिंग ठरल्या तारखेला झाले की लांबले, हे कळले तर नवे कुटुंब पहिल्याच भेटीत नेमके प्रश्न विचारू शकेल.