पाऊस भरपूर, गुंड रिकामा

वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या अहेरीत पाणीटंचाईची गोष्ट काढली, तर मराठवाड्यातला वाचक हसेल. वर्धा-वैनगंगेच्या संगमातून निघालेली प्राणहिता इथूनच वाहते. तरीही एप्रिल-मेमध्ये आतल्या टोल्यांवर बायकांना नाल्याच्या रेतीत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. खडक कठीण, त्यात पाणी मुरते थोडे. बाकीचे गोदावरीकडे निघून जाते.

सरकारी भाषेत हा दुष्काळ नव्हे. २०१६च्या दुष्काळ संहितेत पावसाची तूट हा पहिला निकष आहे, आणि इथे सहसा ती तूट नसते. उरतो तो टंचाई आराखडा: विंधन विहीर, विहिरीतला गाळ काढणे, टँकर. यात पाणी किती, याचा हिशेब होतो. ते कसे आहे, हा प्रश्न मागे पडतो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही प्रश्न एकच आहेत.

उघड्या झिऱ्यावर माणसे आणि गुरे एकाच ठिकाणी येतात. तिथून जुलाब, कावीळ, विषमज्वर घरात शिरतात. यावर उपाय म्हणून विंधन विहीर खोदली, तर जंतूंचा धोका कमी होतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या काही भागांत खोल पाण्यात फ्लोराइड असते. त्याला रंग नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, की मुलांच्या दातांवर डाग पडतात. प्रमाण बरेच जास्त असेल आणि तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर हाडेही निकामी होतात.

म्हणून आराखड्यात तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात. नवी विंधन विहीर फ्लोराइड तपासल्याशिवाय गावाच्या ताब्यात देऊ नये. पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक स्रोताची जंतूंसाठी तपासणी व्हावी, आणि निकाल गोंडी-माडिया बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगावा. टीसीएल पावडर बंद डब्यात, कोरड्या जागी ठेवावी. उघड्या पोत्यात तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि पाण्यात पडते ती नुसती चुनखडी.

जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरवले आहे. ते लिटर मोजताना गुंड कोण, किती दूरवरून आणते आणि त्यात काय आहे, हेही मोजावे. पावसाचे आकडे पाहून तहान ठरवू नये.